जुन्याची हौस

इंग्लंडातील केंट परगण्यातले ब्रॉडस्टेअर्स हे समुद्रकाठचे गाव डिकन्सच्या उन्हाळी मुक्कामांमुळे ख्यातनाम आहे. तेथील एका चिमुकल्या पबात, मद्य न घेणारा मी, निव्वळ कुतूहलाने शिरलो. भिंतींवर गंजलेल्या जाहिरातींच्या पाट्या, कोपऱ्यात बेसूर पियानो, आणि दरपत्रक १९७१ साली रद्द झालेल्या शिलिंग-पेन्सांत! (पैसे मात्र आजच्याच भावाने घेतले.) ही सारी हौस, खरे सांगावयाचे तर, मला लोभस वाटली. इतक्यात चहाच्या एका जुन्या डब्याकडे लक्ष गेले. त्यावर पाठीला टोपली बांधलेली एक हसरी हिंदी मजूरबाई होती. शेजारचे वृद्ध गृहस्थ उसासून म्हणाले, “काय सुखाचे दिवस होते ते!” त्यांच्या सुखाचा मला मत्सर नव्हता, पण त्या बाईचे दिवस कसे गेले असतील, हे त्या डब्यावर कोठेच लिहिलेले नव्हते.