डाव्या पायाचा प्रश्न

गेले दोन महिने आमच्या घरात एकच विषय चाललाय. नवी गाडी गिअरची घ्यायची की ऑटोमॅटिक? पुण्याहून लेकीचा फोन आला की हाच विषय, नातवाचा आला की हाच, आणि कोणाचाच फोन नसला की मग घरात हे आहेतच! नातेवाईक मंडळींपैकी बऱ्याच जणांनी आपलं मत न मागताच देऊन झालंय. तेव्हा हे लिहिणं म्हणजे सगळ्यांना एकदम उत्तर, असं समजा.

आमची सध्याची गाडी पंधरा वर्षांची होत आली. पंधरा वर्षं झाली की गाडी आर.टी.ओ.त नेऊन फिटनेस दाखवायची आणि नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घ्यायची. त्यात मालवणची खारी हवा. दारांच्या खालच्या कडांना गंज धरलाय. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा उपकरही गेला, तेव्हा हे स्वतःच म्हणाले, "आता बघूया." ह्यांनी जन्मात गाडी चालवलेली नाही. घरातली ड्रायव्हर मी. वय वर्षं ७३.

मला गाडी लहान हवी आणि चपळ हवी. शोरूमवाले त्याला स्पोर्टी म्हणतात. या वयात स्पोर्टी कशाला, असं लेकीने विचारलं. तिला म्हटलं, तू एकदा कसाल-मालवण रस्त्यावर चिऱ्यांनी भरलेल्या डंपरमागे अर्धा तास धूळ खात ये, मग विचार. वळणावळणाच्या रस्त्यात सरळ तुकडा मिळतो तो एवढासा. तेवढ्यात गाडी पुढे गेली पाहिजे. ज्या गाडीला अॅक्सिलरेटर दाबल्यावर विचार करायला वेळ लागतो ती म्हाताऱ्या माणसाच्या उपयोगाची नाही, कारण विचार करायला वेळ आता मलाही थोडा जास्त लागतो.

गाडी शिकले २००० साली, ४७ व्या वर्षी. शाळा खेड्यात होती आणि सकाळची एसटी चुकली की दुसरी नव्हती. पण गिअरचं आकर्षण त्याच्या फार आधीचं. बी.ए.ला कोल्हापूरला असताना फोंड्याच्या घाटातून एसटीने ये-जा असायची. मी हट्टाने ड्रायव्हरच्या मागची जागा धरायची. तेव्हाच्या गाड्यांना गिअर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागे. एकदा दाबून न्यूट्रल, मग पुन्हा दाबून खालचा गिअर, आणि मध्ये अॅक्सिलरेटरचा एक नेमका झटका. चुकला तर सगळ्या बसला ऐकू जाईल असा खर्रर्र आवाज. एक ड्रायव्हर होते, त्यांचा आवाज कधीच यायचा नाही. घाट ज्या गिअरात चढतो त्याच गिअरात उतरायचा, हे मी त्यांच्याकडे बघून शिकले, स्वतः गाडीला हात लावण्याच्या पंचवीसेक वर्षं आधी.

त्यामुळे क्लच हा माझ्यासाठी नुसता पायाखालचा दांडा नाही. आमच्या घराकडे येणारी पाणंद दोन्ही बाजूंनी गडग्यांची, एक गाडी जेमतेम मावेल अशी आणि चढाची. समोरून कोणी आलं की उतारावरून मागे, चढावर हाफ क्लचवर रिव्हर्स. वाडीतले तरुण पोरगेही तिथे गाडी बंद पाडतात. मी पाडत नाही. एवढी एक फुशारकी मला करू द्या.

आता दुसरी बाजू. गेली तीन वर्षं डावा गुडघा दुखतोय. हाडांचे डॉक्टर म्हणतात कूर्चा झिजली आहे, चाला, व्यायाम करा, जिने टाळा. क्लचबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. मालवणच्या बाजारपेठेत पर्यटकांच्या गाड्या अडकल्या की भरडापासून बंदरापर्यंत जायला मे महिन्यात किती वेळ लागतो ते तुम्हाला ठाऊक आहे. तेवढ्या वेळात डावा पाय शंभरदा वर-खाली. क्लच जड झालाय असं वाटून मी गाडी गॅरेजवाल्याकडे नेली. तो माझाच विद्यार्थी. त्याने दोन फेऱ्या मारून आणल्या आणि म्हणाला, "बाईनू, गाडयेचो क्लच बरो आसा. तुमचो गुडघो झिजलो." सातवीत त्याला एक वाक्य सरळ लिहिता येत नव्हतं!

मग अभ्यासाला लागले. सवय जात नाही. मला जे कळलं ते माझ्यासारख्यांसाठी लिहून ठेवते.

ऑटोमॅटिक म्हणजे एकच प्रकार नव्हे. सर्वांत स्वस्त तो एएमटी. यात गिअरबॉक्स आपला नेहमीचाच, क्लचसुद्धा असतोच, फक्त क्लच दाबून गिअर बदलण्याचं काम आपल्या पायाऐवजी यंत्र करतं. जानेवारी २०१४ मध्ये मारुती ८०० बनणं बंद झालं आणि पुढच्याच महिन्यात सेलेरिओ आली ती हा एएमटी घेऊन. लहान गाडीत ऑटोमॅटिक परवडू लागलं ते तेव्हापासून. दुसरा प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये क्लचच्या जागी तेल. हा जुना, अमेरिकेत ओल्ड्समोबिलने १९४० च्या मॉडेलपासून तेलावर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला, तेव्हापासूनच्या घराण्यातला. तिसरा डीसीटी, म्हणजे दोन क्लचचा. एका क्लचवर १, ३, ५, ७ आणि दुसऱ्यावर २, ४, ६. एक गिअर चालू असतानाच पुढचा तयार असतो, त्यामुळे बदल डोळ्याचं पातं लवण्याआधी होतो. खरा स्पोर्टी तोच. पण बऱ्याच लहान गाड्यांत त्याचे क्लच कोरडे असतात, आणि रांगेत हळूहळू सरकताना ते तापतात. चौथा सीव्हीटी, पट्ट्यावर चालणारा. आमच्या यादीत तो नव्हता, म्हणून सोडून दिला.

नातू १९ वर्षांचा, लायसन्स नुकतंच मिळालेलं. त्याचं दुःख हे की फोक्सवॅगनची पोलो २०२२ मध्ये बंद झाली. ती जीटी टीएसआय २०१३ मध्ये आली तेव्हा सात गिअरच्या डीसीटीसकट आली होती, आणि बनायची आपल्या चाकणला. तेव्हा हा पहिलीत होता, तरी आठवण काढून हळहळतो! त्याची शिफारस दोन गाड्यांची. टाटाची अल्ट्रोझ रेसर, २०२४ मध्ये आली ती १२० अश्वशक्तीची आणि फक्त सहा गिअरच्या मॅन्युअलमध्ये. ती माझ्या गुडघ्याने वाचूनच बाद केली. दुसरी ह्युंदाईची आय-ट्वेंटी एन लाइन. हिची गंमत अशी की २०२१ मध्ये ती आली तेव्हा तिच्यात गिअरचा दांडा होता पण क्लचचं पेडल नव्हतं. हात हवा तेव्हा गिअर टाकणार, क्लच गाडी सांभाळणार. जणू माझ्यासाठीच बनवली होती! पण २०२३ मध्ये ते काढून सरळ क्लचवाली मॅन्युअल दिली. मला आवडलेली गोष्ट दोन वर्षांत बंद पडावी, हे माझ्या बाबतीत नवीन नाही.

राहिली एन लाइन डीसीटी आणि स्विफ्ट. एन लाइनला टर्बो इंजिन. १७२ न्यूटन मीटर जोर आणि तो १५०० फेऱ्यांपासूनच मिळतो, म्हणजे डंपरला ओलांडताना खालचा गिअर शोधायची फारशी गरज नाही. २०२४ च्या नव्या स्विफ्टला ८२ अश्वशक्ती आणि ११२ न्यूटन मीटर, तोही ४३०० फेऱ्यांना. गाडी हलकी, नऊशे किलोच्या थोडी वर, म्हणून चपळ वाटते. पण तिला पळवायचं तर गिअर बदलत राहायला हवं. इथेच मॅन्युअलची खरी मजा आहे आणि इथेच माझी अडचण आहे.

नातू म्हणतो, "आजी, गिअर नसेल तर ते चालवणं कसलं? ते बसणं झालं." मला त्याचं पटतं. ओलांडायच्या आधी तिसरा टाकला की इंजिनाचा आवाज बदलतो, गाडी खांदे उचलून तयार होते, आणि ती तयारी आपण केलेली असते. एएमटीला हे आधी कळत नाही. तुम्ही दाबल्यावर ती विचार करते, गिअर बदलताना क्षणभर जोर सोडते, आणि बसणाऱ्यांच्या माना किंचित डोलतात. हा या प्रकाराचाच स्वभाव आहे. त्यावर उपाय दांडा एम वर घेऊन आपण आधीच खालचा गिअर मागण्याचा. क्लच नाही, पण निर्णय आपला.

लेकीचं म्हणणं वेगळंच. तिला दोन्ही नकोत. "आई, आता ड्रायव्हर ठेव." ती काळजीने म्हणते हे कळतं. पण हे वाक्य ऐकल्यापासून माझ्या डोक्यातला प्रश्नच बदलला.

यांच्या डोळ्यांसाठी दर दोन महिन्यांनी कोल्हापूरला जावं लागतं. मालवण, कसाल, कणकवली, मग फोंड्याचा घाट चढून दाजीपूर, राधानगरी. साधारण दीडशे किलोमीटर. त्या दिवशी ड्रायव्हर मिळतो, नाही असं नाही. पण त्याची वेळ, त्याचं जेवण, त्याचा फोन. आणि हे गाडीत तिऱ्हाईत माणूस असला की एक शब्द बोलत नाहीत. इंजेक्शन घेऊन परतताना डोळ्यावर पट्टी असते. आम्ही दोघंच असलो तर राधानगरीपर्यंत गप्प आणि घाट उतरू लागलो की हळूच विचारतात, "आता काय दिसतंय?" मग मी सांगत जाते. झाडं, धुकं, खाली कोकण. हे ड्रायव्हरसमोर ते विचारणार नाहीत, मला माहीत आहे.

लायसन्सचं गणितही आहे. पंचावन्न उलटल्यावर ते पाच-पाच वर्षांनी नवं करावं लागतं, डॉक्टरांच्या दाखल्यासह. माझं मागच्या वर्षी झालं. म्हणजे चार वर्षं हातात आहेत. पुढे डोळे, हात, डॉक्टर काय म्हणतील ते तेव्हा. तेव्हा प्रश्न कोणत्या गाडीत मजा जास्त हा नाहीच. ही चार वर्षं मी गाडी कशी चालवत राहीन, हा आहे. क्लचवाली घेतली तर मजा येईल, पण कदाचित दोनच वर्षं. आणि मग खरंच ड्रायव्हर.

कुडाळला जाऊन दोन्ही गाड्या चालवून पाहिल्या. एन लाइन डीसीटी सुरेख, खोटं कशाला बोलू. पण तिच्यात मॅन्युअल आणि ऑटोमॅटिकमधला फरक लाखाच्या आसपास, स्विफ्टमध्ये ४५-५० हजार. शिवाय तिची बैठक कडक. खड्ड्यात यांच्या कमरेला ते मानवलं नाही. स्विफ्ट एएमटी मी मुद्दाम चढावर थांबवली. ब्रेक सोडला तर मागे सरकली नाही, चढावर धरून ठेवायची सोय तिच्यात आहे. घाट उतरण्यासाठी एम वर दुसरा गिअर धरता येतो, म्हणजे एसटीतल्या त्या ड्रायव्हरांचा नियम इथेही पाळता येणार. अॅव्हरेजही कंपनीच्या आकड्यांप्रमाणे ऑटोमॅटिकचं किंचित जास्तच, २५.७५, मॅन्युअलचं २४.८.

ज्यांना बदल करायचाय त्यांच्यासाठी दोन गोष्टी. एक, एएमटीला पार्किंगचा पी नसतो. उतारावर लावताना गाडी गिअरमध्ये ठेवूनच बंद करायची आणि हँडब्रेक ओढायचा. दोन, डावा पाय पहिल्यापासून बाजूला टेकवून ठेवायचा. शोरूमच्या मुलाने सुरुवातीलाच बजावलं, कारण सवयीने क्लच शोधायला गेलेला पाय रुंद ब्रेकवर पडतो आणि गाडी जागच्या जागी उभी राहते. मागे डंपर असेल तर काय, ते सांगायला नको.

तर स्विफ्ट ऑटोमॅटिक बुक केली. नातू दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी फोन करून रंग कोणता ते विचारलं. लेक म्हणाली, "बरं, पण रात्रीची चालवू नकोस." तेवढं मान्य केलं.

क्लच जाणार याचं वाईट वाटतं का? वाटतं. पंचवीस वर्षांची विद्या आहे ती. म्हणून जुनी गाडी फिटनेसची तारीख येईपर्यंत ठेवणार आहे. मे महिन्यात नातू येतोय. पुण्याच्या सपाट रस्त्यावर लायसन्स मिळालेल्या त्या मुलाला आमच्या पाणंदीत, चढावर, गडग्याला न घासता रिव्हर्स घ्यायला शिकवायचं आहे. मी शेजारच्या सीटवर बसेन. शिकवायला गुडघा लागत नाही.