पान, पुठ्ठा आणि भरताचं पार्सल

धुळ्याहून जळगाव गाठा आणि तसेच पुढे सावदा-रावेरला सुटा. सगळीकडे केळीच केळी! २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळवणारी हीच ती. ट्रकमध्ये घड भरताना खाली, कडेला केळीचीच पानं कोंबतात. माल खरचटत नाही, पॅकिंगचा खर्च जवळपास शून्य, आणि उतरवल्यावर पानं गुरांपुढे.

एक्स्पोर्टचा फंडा वेगळा. फण्या धुऊन पुठ्ठ्याच्या खोक्यात, मध्ये फोम, भोवती प्लॅस्टिकची पिशवी. आखातापर्यंत बोटीने जायचं तर पान टिकणार नाही, हे मान्य. खोकं निदान रद्दीत तरी जातं. फोमचं काय?

पण गावातल्या गावात जाणाऱ्या भरताला प्लॅस्टिकचा डबा कशाला हवा, बॉस? हिवाळ्यात शेतातल्या भरीत पार्टीत तेच भरीत केळीच्या पानावर येतं, सोबत कळण्याची भाकरी. मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिकबंदी आली, तरी पार्सलचा डबा काही हटत नाही.

हॉटेलवाल्यांनो, पान विस्तवावर क्षणभर धरा. मऊ पडतं, घडी घालताना फाटत नाही. ते साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंथरा. चकचकीत लॅमिनेशनवालं खोकं नको, रद्दीवाला नाक मुरडतो. ‘कंपोस्टेबल’ पिशवीलाही भुलू नका, तिला कुजायला खास प्लँट लागतो. आणि घरून स्टीलचा डबा आणणाऱ्याला बिलात पाच रुपये सूट द्या की!