दुर्मिळता आणि नजर

प्रशासनातील तपासणीचे काम म्हणजे शेकडो निर्दोष गोष्टींतून एखादी सदोष गोष्ट ओळखणे. विमानतळावर क्ष-किरण यंत्रापुढे बसलेला जवान हेच करतो आणि बिले तपासणारा अधीक्षकही. दोघांची नजर सदैव एकसारखी राहते, असे आपण गृहीत धरतो. वास्तव तसे नाही.

२००५ साली जेरेमी वुल्फ व सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत असताना ती सुमारे ७ टक्के वेळा नजरेतून सुटली. केवळ १ टक्का चित्रांत असताना सुमारे ३० टक्के वेळा. २०१८ मध्ये 'सायन्स'मधील डेव्हिड लेव्हारी यांच्या प्रयोगात उलटे घडले. निळे ठिपके विरळ होताच लोक जांभळ्या ठिपक्यांनाही निळे म्हणू लागले. आधी बजावूनही फरक पडला नाही. पुढील संशोधनाने या विसंगतीचा उलगडा केला: निर्णय बरोबर की चूक हे लगेच कळत असेल, तर दुर्मिळ गोष्ट सुटते, कळतच नसेल, तर व्याख्याच पसरते.

सरकारी कार्यालयात ते सहसा कळत नाही. मराठी मुलखापासून दूर एका शहरात दक्षतेचे काम माझ्याकडे असताना खोटी प्रवासबिले जवळजवळ थांबली होती. 'संशयास्पद' प्रकरणे मात्र घटेनात. अशातच एका लिपिकावर आरोपपत्र बजावण्याचा प्रस्ताव आला. दोष एवढाच, की बिलावरील तारखेत खाडाखोड होती. त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. मी पाच वर्षांपूर्वीच्या निकाली नस्त्या मागवल्या. तशीच खाडाखोड तेव्हा साध्या खुलाशावर मान्य झाली होती. नियम तोच होता, तपासणारेही बव्हंशी तेच होते. मी प्रस्ताव नामंजूर केला.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला चुकीचे दोन प्रकार शिकवलेले असतात: दोषी सुटणे आणि निर्दोष अडकणे. आपल्या अहवालांत पहिल्याचीच नोंद होते. दुसऱ्याची किंमत एखादे कुटुंब मुकाट्याने मोजते.

अनेक विमानतळांवर जवानाच्या पडद्यावर मधूनमधून कृत्रिम धोकादायक वस्तूची प्रतिमा सोडतात आणि ती ओळखली की नाही, हे त्याला तत्काळ सांगतात. त्याच धर्तीवर दर तिमाहीस काही जुन्या, निर्णय झालेल्या नस्त्या नव्यांत मिसळून तपासावयास द्याव्यात, असे मला वाटते. खर्च नगण्य आहे. नजर किती सरकली, हे मात्र नेमके कळेल.