साठी, बुद्धी आणि भिशी

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण साठीतल्या माणसाने काढली की त्याच्या सुनेने? म्हाताऱ्याची असेल तर तो पक्का बेरकी. चुकलं की म्हण पुढे करायची आणि मोकळं व्हायचं. सुनेची असेल तर तिने कुठला तरी जुना राग काढला. आणि साठच का? नाठीला जुळतं म्हणून, दुसरं काय! त्याच साठीला आपण शांत करतो, ओवाळतो आणि आठवडाभरात चष्मा सापडेना की हीच म्हण ऐकवतो. सगळे हसतात. हसून झालं की पुढे कुणी बघत नाही.

अल्झायमर हे आजाराचं नाव ज्या डॉक्टरांवरून पडलं, त्यांनी १९०१ साली फ्रँकफर्टच्या इस्पितळात ज्यांना तपासलं त्या आउगुस्टे डेटर ५१ वर्षांच्या होत्या. म्हण लागू व्हायला अजून नऊ वर्षं होती. घरच्यांना आधी जाणवला तो विसराळूपणाही नव्हे, नवऱ्यावरचा संशय. मग स्वयंपाकात चुका, वस्तू लपवणं. आपल्याकडे हे सगळं ‘स्वभावच तसा’ म्हणून खपून गेलं असतं.

आमच्या काकू भिशी चालवायच्या. लांबट वही, नावापुढे टिक, चिठ्ठ्यांचा पितळी डबा. कुणाची भिशी लागून गेली हे वही न उघडता सांगायच्या. मग एका महिन्यात एकाच नावापुढे दोन टिका दिसल्या. नंतर लागून गेलेली चिठ्ठी पुन्हा डब्यात निघाली. पैशांचे हिशेब चुकू लागणं ही डॉक्टरांच्या लेखी सुरुवातीची खूण. पण याच काकू माहेरच्या वाटेवरची स्टेशनं ओळीने म्हणून दाखवायच्या, मग शंका कोण घेणार? शिवाय थायरॉईड बिघडलं, बी-बारा कमी पडलं, तरी माणूस विसरतो आणि ते औषधाने सुधारूही शकतं.

विसराळूपणाच्या तपासणीत घड्याळाचं चित्र काढायला सांगतात, अकरा वाजून दहा मिनिटांचं. दोनवर जायचा काटा काहींच्या हातून दहाच्या आकड्याकडे ओढला जातो. मी काढून पाहिलं, जमलं. तरी रात्री पुन्हा काढलं.

काकूंच्या भिशीतल्या बायकांनी काय केलं, तर त्यांना कळू न देता दुसऱ्या कागदावर खरा हिशेब ठेवला. डबा काकूंच्याच हातात राहू दिला. ही माया होती, की भिशी मोडू नये म्हणून केलेली सोय? मायाच असेल, तर डॉक्टरांकडे जायचं त्या मायेपायीच लांबलं का?