सोलिहल आणि ग्राट्स : दोन गाड्यांची दोन माहेरे

माल घेण्यापूर्वी तो कोठून आला, कोणी आणि कशासाठी तयार केला याची चौकशी करणे ही व्यापारी घराण्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. कापड असो, धान्य असो वा सोने, पेढीवर बसलेला माणूस मालाच्या मुळापर्यंत जातो. मोटारगाडी घेताना मात्र ही सवय बहुधा बाजूला पडते. दोन कोटी रुपयांहून अधिक किमतीच्या गाडीची बोलणी सुरू झाली की संपन्न कुटुंबांत दोन नावे हमखास पुढे येतात, रेंज रोव्हर आणि मर्सिडीजची जी-क्लास. शोरूमच्या दिव्यांत दोन्ही सारख्याच झळकतात. त्यांचा खरा स्वभाव कळतो तो त्या जन्मल्या त्या गावांत, म्हणजे इंग्लंडमधील सोलिहल आणि ऑस्ट्रियातील ग्राट्स येथे.

सोलिहल हे बर्मिंगहॅमच्या आग्नेयेस, त्या महानगराला लागूनच वसलेले नगर. त्याच्या लॅटिन ब्रीदवाक्याचा अर्थ ‘ग्रामप्रदेशातील नगर’ असा आहे. येथील लोड लेन रस्त्यावरचा विस्तीर्ण कारखाना मुळात मोटारींसाठी उभारलेला नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांची इंजिने बनविण्यासाठी सरकारने तो बांधून घेतला. युद्ध संपल्यावर तेथे आलेल्या रोव्हर कंपनीपुढे पोलादाच्या टंचाईचा प्रश्न होता. त्यातून ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे अंग असलेली, शेतकऱ्याच्या कामाची एक साधी गाडी निघाली. 1948 च्या एप्रिलमध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ती लँड रोव्हर या नावाने लोकांपुढे आली.

रेंज रोव्हर ही तिची धाकटी बहीण. 1970 मध्ये ती बाजारात आली, तेव्हा तिला केवळ दोन दरवाजे होते. साडेतीन लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन, चारही चाकांना सतत मिळणारी शक्ती आणि खाचखळगे पचविणाऱ्या लांब स्प्रिंगा ही तिची वैशिष्ट्ये. आठवडाभर शेतावर राबावे आणि रविवारी कुटुंबाला घेऊन गावात जावे, अशी तिच्यामागची कल्पना होती. म्हणूनच तिच्या आत चामडे नव्हते. आसने रेक्झिनसारख्या व्हिनाइलची होती, समोरचा भाग प्लॅस्टिकचा होता, आणि चिखल झाला तर आतील भाग पाण्याच्या नळीने धुऊन काढता येत असे. चार दरवाजे 1981 मध्ये आले. लाकूड, गालिचे आणि चामडे यांचा थाट त्यानंतर वाढत गेला. तिचे प्रमुख अभियंता चार्ल्स स्पेन्सर किंग यांनी उतारवयात, अशा गाड्या केवळ शहरात मिरविण्यासाठी वापरण्याच्या प्रथेवर उघड नापसंती व्यक्त केली होती.

सोलिहलपर्यंत गेलेला जैन प्रवासी सहसा तेथून लेस्टरला जातो. सुमारे तासाभराचा रस्ता. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील एका जुन्या चर्चच्या वास्तूचे रूपांतर होऊन तेथे जैन सेंटर उभे राहिले आणि 1988 मध्ये प्रतिष्ठा झाली. दर्शनी भागावरील संगमरवरी कोरीवकाम भारतातून घडवून नेलेले आहे. श्वेतांबर मंदिर, दिगंबर मंदिर, स्थानकवासी उपाश्रय आणि श्रीमद् राजचंद्र यांचे मंदिर अशी सर्वांची सोय एकाच छताखाली आहे. परक्या देशातील जुनी इमारत न पाडता आपल्या आचाराला साजेशी कशी करून घ्यावी, याचा तो सुंदर नमुना होय.

दुसरे माहेर ग्राट्स. व्हिएन्नाहून तेथे जाणारी रेल्वे सेमरिंगच्या घाटातून वळणे घेत जाते. हा लोहमार्ग 1854 मध्ये पूर्ण झाला, म्हणजे आपल्या बोरघाटातील रेल्वेच्याही नऊ वर्षे आधी, आणि आज त्याची जागतिक वारसास्थळांत गणना होते. अडीच तासांच्या या प्रवासानंतर मूर नदीच्या काठी लाल कौलांचे जुने शहर दिसू लागते. मध्यभागी श्लोसबर्ग नावाची टेकडी आहे आणि तिच्यावर घड्याळाचा मनोरा. या घड्याळाचा मोठा काटा तास दाखवितो, तर लहान काटा मिनिटे. आरंभी फक्त तासांचेच काटे होते. मिनिटांचे नंतर बसविले, म्हणून ते लहान राहिले. ग्राट्सच्या लोकांनी ते तसेच जपले आहेत.

याच शहरात योहान पुख या कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सायकलींचा कारखाना काढला. भारतात एके काळी लोकप्रिय झालेल्या हिरो पुक या मोपेडच्या नावातील ‘पुक’ तो हाच. त्याच्या वारसदार कंपनीने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी भागीदारी केली आणि 1979 मध्ये जी-क्लासचे उत्पादन सुरू झाले. काही देशांत तीच गाडी पुख या नावानेही विकली जात असे. सैन्य, वनखाते, डोंगराळ भागातील शेतकरी हे तिचे पहिले ग्राहक. सरळ उभ्या काचा, चौकोनी अंग, बाहेरून दिसणाऱ्या बिजागऱ्या; आणि आत चौकटीच्या कापडाची साधी आसने. येथेही आरंभी चामड्याचा थाट नव्हता. 1990 च्या सुमारास आलेल्या नव्या मालिकेपासून तो येऊ लागला.

ग्राट्सच्या उत्तरेस शॉकल नावाचा 1,445 मीटर उंचीचा डोंगर आहे, आपल्या कळसूबाईहून सुमारे 200 मीटरने ठेंगणा. त्याच्या उतारावरील दगडधोंड्यांच्या, अतिशय तीव्र चढाच्या वाटेवर या गाडीची परीक्षा घेतली जाते. जी-क्लास आजही ग्राट्समध्येच बनते, आणि 2023 मध्ये तिची पाच लाखावी गाडी तेथून बाहेर पडली.

दोन्ही गावे पाहिल्यावर निवडीचा पहिला भाग सोपा होतो. जी-क्लास डोंगरासाठी जन्मली. भक्कम चौकटीवर बसविलेले अंग आणि तिन्ही डिफरन्शियल जखडून टाकण्याची सोय यांमुळे ती अवघड चढ चढते. रुंदीने ती रेंज रोव्हरपेक्षा कमी असल्याने अरुंद पेठेत सुसह्य ठरते. परंतु ती उंच आहे, आत शिरताना आजी-आजोबांना पाय बराच वर उचलावा लागतो, आणि आसने पाचच. रेंज रोव्हर हवेच्या सस्पेन्शनमुळे थांबल्यावर काहीशी खाली बसते; तिच्या लांब प्रकारात सात आसनांचीही सोय निघाली. ती 900 मिलिमीटर खोल पाण्यातून जाऊ शकते, जी-क्लास 700. तीर्थयात्रेपुरते पाहिले तर शॉकल चढणाऱ्या गाडीचे बळ फारसे उपयोगी पडत नाही. पालिताण्याच्या तीन हजारांहून अधिक पायऱ्यांपाशी, मांगीतुंगीच्या पायथ्याशी, सर्वच गाड्या थांबतात. तेव्हा एकत्र कुटुंब, वयस्कर मंडळी आणि लांबचा महामार्ग हा हिशेब असेल, तर पारडे रेंज रोव्हरकडे झुकते.

या निवडीत महाराष्ट्राचाही वाटा आहे. 2008 मध्ये टाटा मोटर्सने जग्वार लँड रोव्हर विकत घेतली. 2011 पासून पुण्यात या समूहाच्या गाड्यांची जुळणी होऊ लागली, आणि 2024 मध्ये रेंज रोव्हर प्रथमच सोलिहलबाहेर, पुण्यात जुळविण्याची घोषणा झाली, किमतीही उतरल्या. मर्सिडीजचाही कारखाना चाकणला आहे, मात्र जी-क्लास ग्राट्सहून तयार होऊनच येते, त्यामुळे आयातकराचा भार तिच्यावर पडतो.

खरा प्रश्न मात्र इंजिनाचा वा कराचा नाही, आसनाचा आहे. मंदिराच्या पायरीशी कमरेचा पट्टा आणि खिशातील पाकीट बाहेर ठेवणाऱ्या घरातील माणसे, तेथवर येताना कशावर बसून येतात? मोटारींतील चामडे बहुतांशी गाई-बैलांचेच असते. ते न घेणे म्हणजे कमी प्रतीची गाडी घेणे, अशी एक समजूत आहे. दोन्ही गाड्यांचा जन्मकाळ ती खोटी ठरवितो. ज्या रूपात त्यांनी कीर्ती मिळविली, त्या रूपात चामड्याला स्थान नव्हते. आजही पर्याय आहेत. रेंज रोव्हरने चामड्याविना आसने देऊ केली आहेत. मर्सिडीजच्या अनेक गाड्यांत आर्टिको नावाचे कृत्रिम आवरण वापरतात. प्रत्येक पर्याय प्रत्येक प्रकारात आणि प्रत्येक देशात मिळतोच असे नाही, म्हणून विचारणे महत्त्वाचे.

विचारणेही व्यापाऱ्याच्या रीतीने, लेखी असावे. केवळ आसनांचा उल्लेख पुरेसा नाही. स्टिअरिंगचे चाक, गिअरची मूठ, दारावरील हातटेकी, समोरच्या फळीचे आवरण, डोके टेकण्याची उशी, या प्रत्येकासमोर कोणता पदार्थ वापरला आहे ते विक्रेत्याकडून लिहून घ्यावे. आसने कृत्रिम असूनही स्टिअरिंग चामड्याचे असणे सर्रास आढळते. काही चामडेविरहित कापडांत लोकर मिसळलेली असते. जी घरे लोकरही टाळतात, त्यांनी तेही पाहावे. चामड्यावर कापडी खोळ चढविण्याचा उपाय मनाच्या समाधानापुरता आहे. खाली वस्तू तीच राहते.

यात अडचण बहुधा मुहूर्ताची असते. दसरा, धनत्रयोदशी किंवा पाडवा समोर येतो, तयार उभी असलेली गाडी चामड्याची असते, आणि हवी तशी गाडी मागविली तर महिनोन्‌महिने थांबावे लागते. अशा वेळी मुहूर्तावर मागणी नोंदवावी, बयाणा द्यावा आणि गाडी आली की आणावी. ज्या व्यापाऱ्याने मनासारख्या मालासाठी हंगामभर वाट पाहिली आहे, त्याला ही वाट जड जाऊ नये. मग गाडी सोलिहलच्या वंशातील असो की ग्राट्सच्या, घरातील सर्वांत काटेकोर आचार पाळणारी व्यक्तीही तिच्यात निःशंकपणे बसू शकेल.