स्कॅनरला मानवणारा रोल

माझ्या घरातल्या फ्लॅटबेड स्कॅनरच्या खोक्यावर ६४०० डीपीआय असा आकडा आहे. तो आकडा लावून ३५ मिमीची एक फ्रेम पूर्ण रंगखोलीत स्कॅन केली, की सव्वातीनशे एमबीची फाइल तयार होते आणि माझा जुना संगणक धापा टाकू लागतो. ती फाइल मोठी करून पाहावी, तर १६०० च्या पुढे नवा तपशील जवळजवळ दिसतच नाही. फाइल तेवढी फुगते. घरगुती फ्लॅटबेडांचं हे सर्वसाधारण लक्षण आहे, त्यात रागावण्यासारखं काही नाही. पण १६०० ने हिशेब केला, तर ३५ मिमीच्या फ्रेममधून जेमतेम ३४ लाख पिक्सेल हाती लागतात. खिशातला मोबाइल याहून कितीतरी जास्त देतो. इतकं कमी मिळणार असेल तर ते कुठल्या रोलमधून घ्यायचं, याला फार महत्त्व येतं. माझी रोलची आवडनिवड या स्कॅनरने पार उलटीपालटी केली.

मी शिकलो डोंबिवलीत, स्टेशनजवळच्या एका स्टुडिओत. तिथले काका शाळेच्या सुट्टीत मला डार्करूममध्ये उभं राहू देत. रोल असायचे उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचे ‘इंदू’, नाहीतर पूर्व जर्मनीतून येणारे ऑर्वो. मे महिन्यात नळाचं पाणी तिशीच्या वर जाई, आणि डेव्हलपर २० अंशांवर आणायला बादलीत बर्फ फोडून टाकावा लागे. ते काम माझ्याकडे. निगेटिव्ह वाळली की काका ती त्या दिवशीच्या वर्तमानपत्रावर ठेवत आणि तिच्या सगळ्यात काळ्या भागातून खालचा मजकूर वाचता येतो का, ते पाहत. “वाचता आलंच पाहिजे रे,” ते म्हणत, “पण जरा डोळे ताणून.” जुन्या फोटोग्राफरांची ही सर्वत्र चालणारी परीक्षा. काकांना निगेटिव्ह दाट आवडे. एन्लार्जरखाली ती ठेवायची, प्रकाश काही सेकंद जास्त द्यायचा, की पांढऱ्या शर्टाच्या चुण्याही कागदावर उतरत.

स्कॅनरला ही सेकंद वाढवायची सोय फारशी नाही. दाट भागातून त्याच्या सेन्सरपर्यंत प्रकाश इतका थोडा पोचतो, की आकाशात, शर्टात, लग्नाच्या फोटोतल्या मुंडावळ्यांत वाळू पेरल्यासारखं दिसतं. म्हणून काकांची परीक्षा मी अजूनही घेतो, फक्त उत्तीर्ण होण्याची अट बदलली आहे: वर्तमानपत्र डोळे न ताणता वाचता आलं पाहिजे. कृष्णधवल रोल डी-७६ या डेव्हलपरमध्ये धुताना कंपनीने सांगितलेल्या वेळेतून मी साधारण १५ टक्के वेळ कापतो. निगेटिव्ह दिसायला फिकट, मरगळलेली येते. काकांनी ती बाजूला सारली असती. स्कॅनर मात्र तिच्यातून सगळे करडे टप्पे व्यवस्थित उचलतो, आणि कॉन्ट्रास्ट नंतर संगणकावर हवा तेवढा चढवता येतो.

मग ट्राय-एक्स. वृत्तपत्रछायाचित्रणाच्या कितीतरी पिढ्या ज्या रोलवर वाढल्या, तो हा रोल, आणि त्याचा ग्रेन, म्हणजे चित्रात दिसणारे कण, हेच त्याचं सौंदर्य. माझ्या स्कॅनरवर तेच सौंदर्य बिघडतं. कारण साधं आहे. स्कॅनरचा एक ठिपका ग्रेनपेक्षा मोठा असतो. एका ठिपक्यात चार कणांचा गठ्ठा येतो, शेजारच्यात दोनच येतात, आणि त्यातून निगेटिव्हवर मुळात नसलेला खडबडीतपणा तयार होतो. वर सॉफ्टवेअरने शार्पनिंग केलं की चेहऱ्यावर देवी आल्यासारखं वाटतं. याच निगेटिव्हचा एन्लार्जरवर काढलेला प्रिंट माझ्याकडे आहे. त्यातला ग्रेन बारीक आणि टोकदार आहे. दोन्ही शेजारी ठेवले तर रोल एकच आहे यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

टी-मॅक्स १०० आणि इलफर्डचा डेल्टा १०० यांचा स्वभाव वेगळा. त्यांच्यातले चांदीचे स्फटिक चपटे असतात. कोडॅकने हे तंत्र १९८६ साली टी-मॅक्समध्ये आणलं. त्यांचा ग्रेन इतका बारीक, की १६०० डीपीआयला तो स्कॅनरच्या नजरेतच येत नाही. राहतो तो गुळगुळीत करडा रंग. काही जणांना तो बेचव वाटतो. डार्करूममध्ये मलाही वाटला असता. टी-मॅक्सला फिक्सरमध्ये जास्त वेळ ठेवावं लागतं, नाहीतर निगेटिव्हवर जांभळी झाक उरते. ती स्कॅनमध्ये दिसत नाही, पण माझ्या जुन्या शिस्तीला खुपते.

तरीही ३५ मिमीत मी सर्वांत जास्त वापरतो तो इलफर्डचा एक्सपी-२ सुपर, आणि त्यामागे डोंबिवलीतली धूळ आहे. घरासमोर कायम कुठलीतरी इमारत पाडली जात असते किंवा उभी राहत असते. खिडक्या लावून घेतल्या, ब्लोअर मारला, तरी एकेका फ्रेमवर डझनभर पांढरे ठिपके आणि एखादा केस ठरलेला. स्कॅनरमध्ये यावर डिजिटल आइस नावाचा उपाय असतो. स्कॅनर इन्फ्रारेड प्रकाशाने आणखी एकदा निगेटिव्ह वाचतो. रंगीत निगेटिव्हमध्ये चित्र रंगद्रव्यांचं असतं, त्यांतून इन्फ्रारेड आरपार जातो; धूळ आणि ओरखडे तेवढे त्याला अडवतात. मग अडलेल्या जागा सॉफ्टवेअर भरून काढतं. नेहमीच्या कृष्णधवल रोलमध्ये मात्र चित्रच चांदीचं. चांदी इन्फ्रारेड अडवते, त्यामुळे स्कॅनरला अख्खं चित्र म्हणजे धूळ वाटते आणि तो चेहरेसुद्धा पुसायला निघतो.

एक्सपी-२ कृष्णधवल असूनही रंगीत रोलच्या सी-४१ प्रक्रियेत धुतला जातो. शेवटी त्यातली चांदी निघून जाते, रंगद्रव्यं राहतात, आणि आइस त्याच्यावर मजेत चालतं. एका फ्रेममागे माझी दहा-दहा मिनिटं वाचतात. शिवाय कलर लॅब तो इतर रोलांबरोबर धुऊन देते, घरी बर्फ फोडायला नको. या रोलची आणखी एक गंमत: नेहमीच्या कृष्णधवल रोलला प्रकाश जास्त दिला की ग्रेन वाढतो, याचा मात्र कमी होतो, कारण रंगद्रव्यांचे ढग एकमेकांत मिसळत जातात. म्हणून ४०० आयएसओचा हा रोल मी कॅमेऱ्यावर २०० धरून वापरतो.

रंगीत रोलांत माझी निवड एवढी पक्की नाही. कागदावर एक्टार १०० जिंकायला हवा. २००८ साली तो बाजारात आला, तोच जगातला सर्वांत बारीक ग्रेनचा रंगीत निगेटिव्ह रोल म्हणून. ग्रेनबद्दल तक्रार नाहीच. पण निगेटिव्हचा नारिंगी मुखवटा काढून चित्र सरळ करताना त्याचे भडक रंग मला नाचवतात: प्रकाश जरा कमी पडला की सावल्या निळ्या, आणि त्या सुधारायला जावं तर माणसं लाल. पोर्ट्रा ४०० सालस आहे. थोडा जास्त प्रकाश दिला की जवळपास स्वतःच सरळ होतो. त्याची किंमत ऐकून मात्र घरात प्रश्न विचारले जातात. गोल्ड २०० वर मी खूश आहे, आणि २०२२ पासून तो १२० च्या मोठ्या आकारातही मिळू लागला. कुठलाही रोल असो, त्याच्या टोकाचा चित्र नसलेला कोरा तुकडा मी आधी स्कॅन करतो, व्ह्यूस्कॅन या सॉफ्टवेअरमध्ये त्याचा नारिंगी रंग पक्का करून ठेवतो आणि मगच फ्रेमांकडे वळतो. रंगांची अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

मुंबईजवळ राहण्याचा एक फायदा म्हणजे सिनेमाचा रोल. मोठ्या डब्यांतली कोडॅक व्हिजन-३ फिल्म कापून ३५ मिमीच्या डबीत भरून विकणारे लोक आहेत. २५०डी आणि ५००टी त्यांच्याकडे हमखास असतात. या फिल्मच्या पाठीवर वर्षानुवर्षं काजळीसारखा काळा थर असायचा, रेमजेट. तो लॅबच्या मशीनमध्ये गेला तर रसायनं खराब होतात, म्हणून नेहमीची लॅब असा रोल दारातूनच परत पाठवते. घरी खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात तो थर सुटतो आणि बोटांनी पुसून काढावा लागतो. हात काळे होतात, मोरीही. पण सिनेमाच्या फिल्मच्याच ईसीएन-२ रसायनात धुतला, तर या रोलची निगेटिव्ह मुद्दाम कमी कॉन्ट्रास्टची येते. पूर्वी ती पुढे सिनेमाच्या प्रिंटवर जायची, आता स्कॅन होते. एप्रिलच्या भर दुपारी गुहागरच्या किनाऱ्यावर, पांढरी वाळू आणि नारळाखालची काळी सावली एकाच फ्रेममध्ये घेतली होती. साध्या रोलवर दोन्हींतलं एक सोडावं लागलं असतं. इथे दोन्ही हिस्टोग्रामच्या आत निमूट बसली.

स्लाइडबद्दल थोडक्यात. वेल्व्हियाची स्लाइड लाइट टेबलवर पाहणं यासारखं दुसरं सुख नाही, आणि घरगुती फ्लॅटबेडवर ती स्कॅन करण्यासारखी निराशाही नाही. तिच्या सावल्या इतक्या दाट असतात, की स्कॅनरला त्यांत काळं आणि गढूळ एवढंच दिसतं. कोडाक्रोम तर आइसलाही धड जुमानत नाही. कोडॅकने २००९ मध्ये तो बंद केला. शेवटच्या रोलांपैकी एक घेऊन छायाचित्रकार स्टीव्ह मॅककरी भारतातही आले होते. स्लाइड काढायची तर ती प्रोजेक्टरसाठी, असं मी ठरवून टाकलं आहे.

रोल सपाट राहतो की नाही, हे डब्यावर लिहिलेलं नसतं, पण स्कॅनर वापरणाऱ्याला ते आधी कळायला हवं. बहुतेक फ्लॅटबेडांचा फोकस एका ठरावीक उंचीवर बांधलेला असतो. निगेटिव्ह पन्हळीसारखी वळली, की मधला चेहरा पुसट आणि कडेची भिंत स्वच्छ. काही स्वस्त रोल इतके वळतात, की वाळल्यावर जाड पुस्तकाखाली आठवडाभर दाबून ठेवले तरी होल्डरमधून उसळी मारतात. इलफर्डचे रोल बहुधा निमूट पडून राहतात. इथे पावसाळा आपल्या बाजूने असतो: हवा दमट असली की जिलेटिन आक्रसत नाही, पट्टी सरळ राहते, आणि धूळही खाली बसलेली असते. माझं बरंचसं स्कॅनिंग जुलै-ऑगस्टमध्ये होतं. फक्त काम झाल्यावर निगेटिव्ह सिलिका जेलच्या डब्यात गेली पाहिजे, नाहीतर गणपतीपर्यंत तिच्यावर बुरशी.

या सगळ्या खटाटोपाला खाली पाहायला लावलं ते आमच्या अण्णांच्या निगेटिव्हजनी. अण्णांकडे आगफा क्लिक-३ होता, एका भिंगाचा, ऊन आणि ढग एवढेच पर्याय असलेला स्वस्त कॅमेरा. त्यात १२० चा रोल, फ्रेम चौकोनी, रोलमध्ये बारा फोटो. पंढरपूरला वाळवंटात काढलेला आजीचा फोटो मी त्याच १६०० डीपीआयला स्कॅन केला. चौकोनाची बाजू सुमारे ५६ मिमी, म्हणजे सव्वा कोटी पिक्सेल. भिंग कडेला पुसट आहे, रोल कुठला होता ते कळत नाही, कॉन्ट्रास्ट कडक आहे. तरी आजीच्या लुगड्याचा काठ ज्या स्पष्टपणे आला, तसा माझ्या महागड्या ३५ मिमीच्या भिंगातून याच स्कॅनरवर कधी आलेला नाही. ग्रेनचा प्रश्नच उरत नाही, कारण एवढ्या मोठ्या निगेटिव्हला फार मोठं करावंच लागत नाही.

त्यानंतर मी १२० चा एक जुना यशिकामॅट कॅमेरा घेतला. आता त्यात ट्राय-एक्स घालायलाही कचरत नाही. धुताना तेवढी १५ टक्के वेळ कापतो. ज्याचा मोठा प्रिंट भिंतीवर लावायचा आहे, ते सगळं १२० वर. ३५ मिमीच्या कॅमेऱ्यात एक्सपी-२ असतो, आणि त्यातल्या फोटोंचे प्रिंट मी पोस्टकार्ड साइझच्या पुढे काढत नाही.