इतर हक्क

एजंटने फोनवर पहिलाच शब्द वापरला तो 'रिव्हर टच'. "मॅडम, रिव्हर टच आहे, शिवाय आत जिवंत झरा. बारमाही. असा प्लॉट आता महाड तालुक्यात शोधून मिळायचा नाही." मी उर्दू शाळेत शिकवणारी बाई. बी.एड. केले, नोकरी लागली, लग्न झाले, पण जमिनीच्या व्यवहारातले ओ की ठो कळत नव्हते. तरी 'झरा' हा शब्द कानावर पडला आणि येत्या रविवारी मी जाणार हे तेव्हाच ठरून गेले. ही 2023 सालच्या मार्चमधली गोष्ट.

डांबरी रस्ता संपल्यावर पाऊण तास चालायचे. शेवटी एक जुनी पाखाडी उतरते आणि सावित्रीला जाऊन मिळणारी एक लहान नदी समोर येते. काठाला उंबर, करंज, खाली एक खोल डोह. झरा नदीपासून पन्नास-साठ पावलांवर, काळ्या कातळाच्या फटीतून येणारा. खाली कुणीतरी कधीकाळी दगड रचून छोटे कुंड केले आहे. ओंजळभर पाणी प्याले. अब्बांच्या वाडीतल्या विहिरीची चव आठवली, आणि जी जागा अजून नीट पाहिलीही नव्हती ती मी मनातल्या मनात घेऊनही टाकली.

उंबराच्या खोडावर माझ्या डोक्याच्या वर दोन हात चिखलाचा सुकलेला पट्टा होता. विचारले, तर एजंट म्हणाला, "म्हशी अंग घासतात." एवढ्या उंच म्हशी मी तरी पाहिल्या नाहीत. 22 जुलै 2021 ला महाड शहर बुडाले ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. नदी कुठवर येते हे झाडाला विचारावे, एजंटला नाही, एवढे ज्ञान त्या दिवशी मिळाले.

मग सुरू झाले कागद. तलाठ्याकडे गेले तेव्हा जरा धास्तीच होती. माझे सगळे शिक्षण उर्दूतून. कचेरीतले मराठी आपल्याला झेपेल का, असे वाटे. बसून सातबारा वाचू लागले आणि हसूच आले. हक्क, हद्द, कब्जा, वारस, दस्त, नक्कल, मिळकत, दाखला, जमाबंदी. सगळे शब्द आमच्याच घरचे! परके होते ते फक्त आकडे आणि शिक्के.

जमीन सव्वा एकर, वरकस. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी हवा. 1948 च्या कुळकायद्याची ती अट आहे. तलाठी म्हणाले, "तुमच्या नावचा कुठला सातबारा आहे का, बाई?" मी मोठ्या तोऱ्यात म्हटले, आहे की, अब्बांचा. त्यांनी गाव विचारले, संगणकावर पाहिले, आणि म्हणाले, "इथं तुमचं नाव नाही. हक्कसोड झालेली आहे."

झालेली होती. मीच केली होती. 2014 मध्ये अब्बा गेले. चाळिसावा झाल्यावर मोठ्या भाईने आम्हा दोघी बहिणींना रजिस्ट्रार कचेरीत नेले. "कागद नुसता नावापुरता, घर तर तुमचंच आहे," तो म्हणाला. आम्ही सह्या केल्या आणि येताना त्याने आम्हाला सरबत पाजले. मुलाच्या निम्मा का होईना, मुलीचा हिस्सा कुराणाने ठरवून दिलेला आहे, हे मला काय ठाऊक नव्हते? पण आपल्या कोकणात सही नाकारणाऱ्या बहिणीचे माहेर तुटते. शरियतच्या नावाने मोर्चे काढणारे आपले लोक या एका बाबीत मात्र शरियत विसरतात, आणि आपणही त्यांना विसरू देतो. असो.

मला तारले ते एका चुकीने. डोंगराच्या अंगाला अब्बांचे तीन गुंठे होते, चार आंब्यांपुरते. हक्कसोडपत्रात तो गटनंबर लिहायचाच राहिला होता. तिथे सर्व वारसांत माझेही नाव तसेच शाबूत. त्या तीन गुंठ्यांनी मला शेतकरी केले.

भूमी अभिलेखकडून मोजणी करून घेतली. मोजणीदाराने खुणा रोवल्या तेव्हा नऊ गुंठे नदीच्या पात्रात निघाले. विकणाऱ्याने पात्रासकट भाव लावला होता. वकिलाने समजावले की 1966 च्या जमीन महसूल संहितेच्या कलम 20 प्रमाणे नदी-ओढ्यांचे पात्र आणि वाहते पाणी सहसा सरकारच्या मालकीचे; नदीकाठ विकत मिळतो, नदी नाही. नऊ गुंठ्यांचे पैसे कमी झाले. मी खूश झाले.

पण त्याच दिवशी, मोजणी चालू असताना, पाखाडीवरून चार बाया आणि दोन पोरी हंडे-कळश्या घेऊन उतरल्या. वरच्या आदिवासीवाडीवरच्या. त्यांतली एक म्हातारी खुणांचे दगड बघत उभी राहिली. म्हणाली, "बाय, तुमी घेता का ही जागा? मंग तारेचं कुंपण घालणार?" मी काहीतरी गुळमुळीत बोलले. तिने पुढे काही विचारले नाही. बाकीच्या कळश्या भरत राहिल्या. मीही मुकाट्याने घड्याळ लावले. एक कळशी भरायला चार मिनिटे लागत होती. वाडीवर नळयोजनेची टाकी आहे, पण फेब्रुवारीनंतर ती कोरडी. वरच्या अंगाला कुणी फार्महाऊससाठी बोअर मारली त्या वर्षापासून इथलीही धार बारीक झाली, असे म्हातारी सांगत होती. म्हणजे मी झऱ्याचे तोंड विकत घेत होते. त्याचे पाणी मुरते ते वरच्या सगळ्या डोंगरात, जिथे माझे काही नव्हते.

एजंटचे मत स्पष्ट होते. "सातबाऱ्यावर 'इतर हक्क' कोरं आहे. कुणाचाच अधिकार नाही. खरेदी झाली की पहिलं कुंपण घाला, नाहीतर पुढे गिऱ्हाईक मिळणार नाही." वकिलाला विचारले. तो म्हणाला, वीस वर्षे उघडपणे, विनाअडथळा वापर असेल तर 1882 च्या सुविधाधिकार कायद्याने हक्क तयार होतो; वाट किंवा पाणी अडवले तर मामलेदार कोर्टात दादही मागता येते. मग हलकेच हसून म्हणाला, "पण त्या बाया कोर्टात थोड्याच येणार आहेत, मॅडम?"

हे महाडमध्ये बसून बोलणे चालले होते. चवदार तळे तिथून चालत दहा मिनिटांवर. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी तिथले पाणी ओंजळीत घेतले हे शाळेतली पोरेही सांगतील. पुढचे फारसे कुणी सांगत नाही. त्या डिसेंबरात दुसरी परिषद भरायची होती तेव्हा विरोधकांनी कोर्टात जाऊन सांगितले की तळे सार्वजनिक नाहीच, खाजगी मालकीचे आहे. त्यावर मनाई हुकूमही मिळाला. निकाल हायकोर्टातून लागायला 1937 साल उजाडले. आणि त्या परिषदेच्या मांडवाला कुणी जागा देईना तेव्हा ती दिली फत्तेखान नावाच्या मुसलमानाने. मी हे वाचले होते, अभिमानाने चार ठिकाणी सांगितलेही होते. आता माझ्यापुढे कागद होता आणि मला 'खाजगी' हाच शब्द गोड लागत होता.

रात्री कुवेतहून यांचा फोन आला. सगळे सांगितले. मी म्हटले, वाट आणि पाणी खरेदीखतातच लिहून देऊ या. ते बराच वेळ गप्प राहिले. बारा वर्षांची त्यांची कमाई त्यात चालली होती, आणि माझ्या बांगड्या. मग म्हणाले, "मग आपण विकत काय घेतलं?" प्रश्न रास्त होता. मी म्हटले, "उंबर. डोह. सकाळी तिथं जाऊन बसायचा हक्क." ते म्हणाले, "महाग पडला."

मी त्यांना बीर-ए-रूमाची आठवण दिली नाही. दरवर्षी वर्गात सांगते मी ती हकीकत: मदिनेतल्या त्या विहिरीचे पाणी मालक विकायचा, हजरत उस्मान (रजि.) यांनी आधी अर्धी घेतली, एक दिवस त्यांचा, एक दिवस मालकाचा; लोक त्यांच्या दिवशी दोन दिवसांचे पाणी फुकट भरून नेत, तेव्हा मालकाने उरलेली अर्धीही विकली आणि सगळी विहीर वक्फ झाली. पोरांना यातली चतुराई फार आवडते. पण सौदीच्या-कुवेतच्या उन्हात राबणाऱ्या माणसाला फोनवरून हे ऐकवणे बरे दिसले नसते. दोन दिवसांनी त्यांचाच मेसेज आला : "लिहून टाक."

एजंटला ते वेडेपणाचे वाटले. विकणाऱ्याला काहीच वाटले नाही; त्याला पैशाशी मतलब. खरेदीखतात ओळ आली : वाडीवरील लोकांची झऱ्यावर येण्याजाण्याची सहा फूट वहिवाट व पिण्यासाठी पाणी नेण्याचा हक्क पूर्वापार असून तो खरेदीदारास मान्य आहे. दस्त नोंदला गेला. फेरफार होऊन सातबाऱ्यावर माझे नाव लागले. छापील कागदावर स्वतःचे नाव बघून मी कचेरीच्या व्हरांड्यात रडले, हे खोटे कशाला सांगू? 'इतर हक्क' मात्र कोरेच होते. तलाठी म्हणाले, "असं कुणी आपणहून लावून घेत नाही, बाई." मी लेखी अर्ज दिला. तो अजून पडून आहे. दर दोन महिन्यांनी जाऊन विचारते.

ईदला माहेरी गेले. भाईच्या कानावर सगळे आले होते. शीरखुर्म्याची वाटी हातात धरून तो म्हणाला, "पाणी द्यायचं तर दे, कोण अडवतंय? पण कागदावर कशाला? तोंडी पुरे होतं."

मी म्हटले, "तोंडी पुरतं का, भाई?"

तो काही बोलला नाही. अम्मीने विषय बदलून यंदा फणस किती लागले ते सांगायला सुरुवात केली. धाकट्या बहिणीने मात्र रात्री फोन केला. आपला तो हक्कसोडीचा कागद कुठल्या साली झाला होता, आणि त्याची नक्कल कुठे मिळते, असे ती विचारत होती.